आधी पुस्तकं वाटून घ्या, मग लेख

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कोल्हापुरात गाणं ऐकणारे, शिकणारे तुम्ही सहा जण. मराठी विकिपीडियावर करवीरच्या संगीतपरंपरेबद्दल फार थोडं लिहिलंय, हे खटकलं म्हणून तुम्ही तीस विषयांची यादी केली आणि प्रत्येकी पाच लेख वाटून घेतले. तीन महिन्यांत अकरा लेख चढवले. त्यातले तीन वगळले गेले, एकावर जाहिरातवजा मजकुराची पाटी लागली. तुमच्यातल्या एकानं आपल्या दिवंगत गुरुजींवर मनापासून लिहिलेला लेख पुसला गेला, तेव्हा तो गटातूनच बाहेर पडला. आता तुम्ही विचारताय की काम वाटून घेण्याची नीट पद्धत कोणती.

मी पंधरा वर्षांहून जास्त काळ हे काम करतोय, बहुतेक संगीत आणि रंगभूमीच्याच लेखांवर. या काळात तीन गटांबरोबर बसलो. एक गट सहा महिन्यांत मोडला, एक अजून चालू आहे, आणि एक हळूहळू पांगला पण मागे चांगले लेख ठेवून गेला. त्या अनुभवावरून सांगतो की तुमची अडचण माणसांच्या स्वभावात नाही आणि लेख वगळण्याचा अधिकार असलेल्या प्रचालकांच्या कडकपणातही नाही. तुम्ही लेख वाटून घेतलेत, तिथंच गाठ बसलीय.

लेख वाटून घेतला की तो 'माझा' होतो. मग त्यात दुसऱ्यानं वेलांटी बदलली तरी लागतं. पण याहून मोठी अडचण संदर्भांची आहे. संगीताच्या विषयात एकच पुस्तक वीस लेखांना लागतं. एक उदाहरण घेऊ. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त 'मानापमान' झालं, म्हणजे दोन नाटक मंडळ्यांनी मिळून केलेलं. बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. एकतिशीत. आता ही एक घटना किती लेखांत यायला हवी ते मोजा: केशवराव भोसले, बालगंधर्व, त्यांच्या मंडळ्या ललितकलादर्श आणि गंधर्व नाटक मंडळी, मूळ नाटक, नाटककार खाडिलकर, आणि चाली देणारे गोविंदराव टेंबे. सात लेख झाले. तुमच्या पद्धतीनं हे सात लेख चार जणांकडे गेले, तर चार जण चार ठिकाणी ही माहिती शोधणार. एकाला पुस्तक मिळेल, दुसऱ्याला वर्तमानपत्रातला वर्धापनदिनाचा मजकूर मिळेल, तिसरा ऐकीव लिहील. आमच्या पहिल्या गटात नेमकं हेच झालं. तीन लेखांत तीन तारखा, आणि त्यातल्या एकातही पृष्ठक्रमांक नाही. त्या दुरुस्त करायला जो वेळ गेला, तेवढ्यात दोन नवे लेख झाले असते.

म्हणून माझा सल्ला असा की लेखांची यादी तूर्त बाजूला ठेवा आणि संदर्भांची यादी करा. कोणाच्या घरात कोणतं पुस्तक आहे, कोणाला कोणत्या ग्रंथालयात जाणं सोपं आहे, कोणाला मोडी, हिंदी, कानडी, उर्दू वाचता येतं, हे आधी लिहून काढा. मग प्रत्येकानं दोन किंवा तीनच संदर्भ पूर्ण वाचायला घ्यायचे. वाचताना टिपण करायचं ते लेखासाठी नाही, त्या संदर्भासाठी. म्हणजे एका ओळीत विधान, शेजारी पृष्ठक्रमांक, आणि ते कोणकोणत्या लेखांत वापरता येईल त्यांची नावं. टेंब्यांचं संगीतविषयक लेखन ज्याच्याकडे असेल, त्यानं ते सगळं वाचावं. त्यात अल्लादियाखाँ, भास्करबुवा बखले यांच्यासारखे गवई येतात, नाटक मंडळ्या येतात, पेटीवादन येतं. हे टिपण तयार झालं की इतर पाच जण त्यातून घेतात, आणि शंका आली तर कोणाला विचारायचं ते सगळ्यांना माहीत असतं.

पद्धत बदलली की नातंही बदलतं. 'तू माझ्या लेखात का हात घातलास' याच्या जागी 'तुझ्या पुस्तकात हे कुठल्या पानावर आहे' असा प्रश्न येतो. दुसऱ्या प्रश्नावर भांडण होत नाही, झालंच तर पुस्तक उघडून मिटतं.

कोल्हापुरात राहताय हा तुमचा मोठा फायदा आहे, तो पुरेपूर घ्या. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं आहे. जुनी मराठी पुस्तकं, नियतकालिकं तिथं बसून चाळता येतात. शिवाजी विद्यापीठाचं बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय आहे. प्रवेशाचे नियम तिथं जाऊन विचारा, बाहेरच्या वाचकाची सोय काळानुसार बदलते. 'संगीत कला विहार' हे गांधर्व महाविद्यालय मंडळाचं मासिक १९४७ पासूनचं. त्याचे जुने अंक मिरजेत आणि जुन्या संगीतशिक्षकांच्या घरी सापडतात. कलावंतांवरचे मृत्युलेख, मुलाखती, मैफलींचे वृत्तान्त यांसाठी याइतकी उपयोगी जागा मला दुसरी सापडलेली नाही. मराठी विश्वकोशातल्या नोंदी ताळा करायला उत्तम, पण त्यांतला मजकूर उचलायचा नाही. वाचायचा, संदर्भ द्यायचा, आणि वाक्य स्वतःचं करायचं.

इथं एक गोष्ट मान्य करतो. ही पद्धत तुम्हाला लागू पडेल का, हे परिस्थितीवर आहे. तुमच्यापैकी दोघांनाच पुस्तकं वाचायला वेळ असेल आणि बाकी चौघं फक्त मोबाईलवर काम करू शकत असतील, तर सहा समान वाटे होणार नाहीत. मग दोघं वाचक, एक जण लेखनशुद्धीचा, एक जण फोटोंचा, एक जण माहितीचौकटी आणि वर्ग बघणारा, एक जण पुनर्निर्देशनं (दुसऱ्या नावावरून लेखाकडे नेणारी पानं) करणारा, अशी रचना करा. हात सारखे चालले पाहिजेत असं काही नाही. आमच्या टिकलेल्या गटात एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांनी स्वतः एकही लेख सुरू केलेला नाही. पण दर लेख धूळपाटीतून, म्हणजे कच्चा मसुदा लिहायच्या पानावरून, बाहेर पडण्याआधी त्या पुस्तक हातात घेऊन प्रत्येक संदर्भ ताडून बघतात. त्या नसत्या तर आमचे निम्मे लेख टिकले नसते.

आता मजकुराकडे येतो, कारण तुमचे लेख मी उघडून पाहिले. माहिती चांगली आहे. अडतंय ते विशेषणांवर. एका परिच्छेदात मला 'थोर', 'अलौकिक', 'सूरसम्राट', 'अद्वितीय' असे चार शब्द सापडले आणि सन एकही नाही. श्रद्धेनं लिहिताना हे होतं, मला समजतं. पण वाचक त्यातून काही घेऊन जात नाही. केसरबाई केरकरांचं बघा. त्यांना 'अलौकिक' म्हणायची गरजच पडत नाही. लहानपणी काही महिने त्या कोल्हापुरात अब्दुल करीमखाँकडे शिकल्या. पुढे १९२१ पासून अल्लादियाखाँची तालीम. १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अंतराळात गेली, तिच्यावर त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे, आणि भारतातली तेवढी एकच ध्वनिमुद्रिका तिथं आहे. पहिलं यान २० ऑगस्टला सुटलं, दुसरं ५ सप्टेंबरला, आणि १६ सप्टेंबरला बाई गेल्या. एवढंच लिहा. वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो आणि तुम्ही एकही विशेषण खर्चलेलं नसतं.

पदव्यांचंही तसंच. 'सुरश्री', 'गानतपस्विनी', 'महाराष्ट्र कोकिळ' या पदव्या लेखात जरूर याव्यात, पण कोणी दिली, कधी दिली, कुठल्या पुस्तकात नोंद आहे, यासह. शीर्षकात पंडित, उस्ताद, गानसम्राज्ञी असलं काही नको. 'भास्करबुवा' मधलं 'बुवा' मात्र राहू द्या, कारण त्या नावानंच माणूस ओळखला जातो. 'गायक होते' असं आदरार्थी बहुवचन ठेवा. मराठीत ती साधी रीत आहे, त्याला कोणी पक्षपात म्हणत नाही.

नावांच्या लेखनावरून तुमच्यात वाद झाला असं तुम्ही लिहिलंय: अल्लादियाखाँ, अल्लादिया खाँ की अल्लादिया खान? यावर वेळ घालवू नका. मराठी पुस्तकांत जास्त वेळा जे रूप येतं ते शीर्षकाला घ्या आणि बाकीच्या सगळ्या रूपांची पुनर्निर्देशनं करून ठेवा. शोधणारा काहीही टंकू दे, तो लेखापर्यंत पोचला पाहिजे. त्यांच्या घराण्याचं नाव जरा जास्त विचार मागतं. कोणी जयपूर म्हणतं, कोणी जयपूर-अत्रौली, कोल्हापुरातली जुनी मंडळी नुसतं 'खाँसाहेबांचं घराणं' म्हणतात. तिथं शीर्षक एक ठेवून पहिल्या परिच्छेदातच सांगून टाका की ही तिन्ही नावं प्रचारात आहेत. नावामागे काय आहे तेही द्या. खाँसाहेबांचा जन्म राजस्थानातल्या उनियाऱ्याचा, घराण्याचं मूळ अत्रौलीचं. आयुष्यातला मोठा आणि सकस काळ गेला तो शाहू महाराजांच्या आश्रयाला, कोल्हापुरात. १९२२ साली महाराज गेल्यावर ते मुंबईला गेले आणि १९४६ साली तिथंच वारले. घराण्याच्या नावात कोल्हापूर नाही, पण त्यांचे पुत्र भुर्जीखाँ इथंच राहून शिकवत होते. त्यांच्याकडून मल्लिकार्जुन मन्सूरांनी घेतलं, कोल्हापुरातच जन्मलेल्या धोंडूताई कुलकर्णींनी घेतलं. गावाचा अभिमान लेखात आणायचा असेल तर तो असा, शिष्यपरंपरेच्या तपशिलातून आणा.

आता सर्वात अवघड भाग, आणि माझ्या मते संगीताचे लेख इतर लेखांपेक्षा वेगळे पडतात ते इथंच. आपली विद्या तोंडी आहे. ती गुरूच्या समोर बसून घेतलेली असते, छापलेली नसते. विकिपीडियासारखा विश्वकोश मात्र छापलेलं, दुसऱ्याला पडताळता येईल असंच मागतो. तुमच्यातल्या कोणाला संपूर्ण मालकंस गुरुमुखातून मिळाला असेल. मालकंसात रिषभ-पंचम (रे आणि प) नाहीत, संपूर्ण मालकंसात ते येतात. पण ते कुठे आणि कसे येतात, किती लागतात, कुठून घसरत येतात, हे त्याला गळ्यानं माहीत आहे. ते लेखात लिहावं असं त्याला मनापासून वाटणार. आणि ते लिहिलं तर कोणीतरी 'संदर्भ हवा' अशी खूण लावणार. इथं माणूस दुखावतो. त्याला वाटतं, आपल्या गुरूवर अविश्वास दाखवला.

तसं नाही. अनोळखी वाचकाच्या जागी बसून बघा. लेखात एक जण लिहितो की अमुक रागात निषाद असा लागतो, दुसरा येऊन ते खोडतो आणि म्हणतो, आमच्याकडे असा लागत नाही. दोघंही खरे. वाचकानं कोणाचं धरायचं? छापील आधार असेल तर निदान 'अमुक ग्रंथात असं, तमुक घराण्याच्या बंदिशींच्या पुस्तकात तसं' असं दोन्ही मांडता येतं. मी रागांच्या लेखात नेहमी हेच करतो. संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी काय दिलंय ते त्यांच्या नावावर, घराण्याचं वेगळं मत ज्या पुस्तकात आलंय त्याच्या नावावर. 'हा राग असा आहे' असं ठाम वाक्य शक्यतो लिहीत नाही.

शिवाय नुसता आरोह-अवरोह देऊन राग सांगून होत नाही. भूप आणि देशकार यांचे स्वर सारखेच, पाचच. पण भूपात गंधार वादी, म्हणजे मुख्य स्वर, देशकारात धैवत. एक संध्याकाळचा, एक सकाळचा. एकाची चाल खालच्या अंगाची, दुसऱ्याची वरच्या. फक्त स्वर लिहिले तर दोन लेख शब्दशः एकसारखे होतील. मराठी विकिपीडियावरचे रागांचे कितीतरी लेख मी असे चार ओळींचे आणि एकसारखे पाहिलेत. तुमच्यात गाणारे आहेत. चालीचा फरक साध्या मराठीत, आधार देऊन, कसा सांगायचा हे न गाणाऱ्या संपादकापेक्षा तुम्हाला चांगलं जमेल. तिथं तुमची खरी गरज आहे.

आख्यायिकांबाबतही एक रीत पाळा. खाँसाहेबांचा आवाज एका संस्थानात सलग कित्येक दिवस गावं लागल्यानं बसला आणि त्यातून त्यांनी नवी गायकी घडवली, ही हकिकत सगळीकडे सांगितली जाते. ती वगळू नका, पण 'सांगतात की' असं मोघमही लिहू नका. नातू अझीझुद्दीनखाँ यांना खाँसाहेबांनी स्वतः सांगितलेलं आत्मकथन छापलेलं आहे. त्यातलं जे असेल ते 'खाँसाहेबांनी आपल्या आत्मकथनात सांगितल्याप्रमाणे' असं लिहा. माणसानं स्वतःबद्दल सांगितलेलं त्याच्या नावावर ठेवायचं. त्यावरून कोणी मोठा, कोणी लहान असा निष्कर्ष आपण काढायचा नाही.

हक्कांचा मुद्दा थोडक्यात सांगतो, कारण तुमचे दोन लेख यावरच गेले. एक लेख एका स्मरणिकेतून जसाच्या तसा टंकला होता, दुसऱ्यात पूर्ण गीतं होती. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो. भातखंडे १९३६ साली गेले, त्यांचं लेखन मोकळं आहे. गदिमा १९७७ साली गेले, त्यांची गीतं २०३७ अखेरपर्यंत मोकळी नाहीत. गीतकार जगदीश खेबुडकर तर २०११ साली गेले. सुधीर फडके कोल्हापूरचे, १९१९ चा जन्म, म्हणून त्यांच्या लेखात गीतरामायण आलंच पाहिजे: १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून, छप्पन्न गीतं. गीतांची यादी द्या, राग द्या, आधार द्या. ओळी मात्र उतरवू नका. आणि हक्क संपलेली नाट्यपदं असली तरी त्यांची जागा विकिस्रोतावर, म्हणजे मूळ ग्रंथ जसेच्या तसे ठेवायच्या विकिपीडियाच्या भावंड प्रकल्पावर, लेखात नाही.

फोटोंचं काम मी तुमच्या गटाला आग्रहानं सांगेन. केशवराव भोसले नाट्यगृह, आधीचं १९१५ चं पॅलेस थिएटर, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री नाट्यगृहालगतच्या खासबाग कुस्ती मैदानाकडे धावत गेलेल्यांत मीही होतो, आणि उभं राहून बघण्याखेरीज हातात काही नव्हतं. घरी आल्यावर मी माझ्या जुन्या मोबाईलमधले फोटो शोधले. रंगमंच, सज्जा, खुर्च्या, छत. नाटकाला गेलो होतो तेव्हा सहज काढलेले. ते कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या मुक्त चित्रसंग्रहावर, चढवले. कोल्हापुरात असे फोटो शेकडो घरांत पडून असतील. स्वतः काढलेला फोटो स्वतःच्या हक्काचा असतो, तो मुक्त परवान्यावर देता येतो. दुसऱ्यानं काढलेला, वर्तमानपत्रातला, समाजमाध्यमावरून उतरवलेला चालत नाही. ज्यानं काढला त्यालाच खातं उघडून चढवायला बसवा. तुमच्यापैकी एकानं फक्त हेच काम घेतलं तरी गटाचं सोनं होईल.

गटानं वागायचं कसं, यावर दोन-तीन गोष्टी. सहा जणांची सहा स्वतंत्र खाती हवीत. एका खात्यावरून सगळ्यांनी लिहायचं नाही. प्रत्येकानं आपल्या सदस्य पानावर लिहून ठेवावं की आपण या गटाचे आहोत. हे लपवलंत आणि एखाद्या चर्चेत सहाही जण एकाच बाजूनं बोललात, तर ते ठरवून केलेलं वाटतं, आणि एकदा संशय आला की तो लवकर जात नाही. तिथं हात मोजत नाहीत, मुद्दा बघतात. एकानं नीट मांडलं तरी पुरतं. कोणाला लेखनाबद्दल पैसे मिळत असतील, अगदी एखाद्या संस्थेनं मानधन दिलं असेल, तर तेही जाहीर करणं बंधनकारक आहे.

तुमची सगळी चर्चा व्हॉट्सॲपवर चालते असं दिसतं. ती त्या त्या लेखाला जोडलेल्या 'चर्चा' पानावर आणा. तुम्ही आपसात एकमत केलंत की अमुक सन बरोबर आहे, पण बाहेरच्या संपादकाला ते दिसत नाही. तो जुनं रूप परत आणतो आणि तुम्हाला तो आडमुठा वाटतो. त्याला कारण दिसलंच नव्हतं. संपादन करताना सारांशाच्या रकान्यात चार शब्द लिहिण्याची सवय लावा: 'सन दुरुस्त, अमुक पुस्तक, पृष्ठ इतकं'. एखादा बदल कोणी उलटवला आणि तुम्ही परत केला, त्यानं पुन्हा उलटवला, तर हात थांबवा आणि चर्चा पानावर साद घाला. तरी सुटलं नाही तर चावडीवर, म्हणजे सगळ्या संपादकांच्या सामाईक चर्चेच्या पानावर, विचारा. उत्तर यायला आठवडाही लागतो. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून स्वयंसेवकांच्याच बळावर चाललाय आणि नियमित काम करणारे हात थोडे आहेत. उशीर झाला म्हणजे कोणी डावललं असं नसतं.

एखाद्या महाविद्यालयात कार्यशाळा घ्यायचा तुमचा विचार आहे, म्हणून सांगतो: खाती आधी घरून उघडून यायला सांगा. एकाच इंटरनेट जोडणीवरून चोवीस तासांत साधारण सहाच नवी खाती उघडता येतात. एका कार्यशाळेत तीस मुलं समोर बसली होती, सातव्या खात्याला अडलं, आणि पहिला दीड तास त्यातच गेला. मुलांचा उत्साह मावळताना डोळ्यांदेखत दिसला.

आता तुमच्या मित्राच्या गुरुजींबद्दल. हा भाग मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो मला जवळचा आहे. चाळीस वर्षं एका पेठेत पेटी-तबला शिकवणारा माणूस, शंभर-दोनशे मुलं घडवलेली, स्वतः कधी व्यासपीठावर पुढे न आलेला. अशा माणसांवर कोल्हापूरचं गाणं उभं आहे. देवल क्लब या कोल्हापुरातल्या जुन्या संगीतसंस्थेत मोठ्या गवयांच्या मैफली झाल्या त्या ऐकायला जाणकार श्रोते होते, आणि ते श्रोते अशाच शिक्षकांनी तयार केले. पण यांच्याबद्दल छापलेलं काय असतं? एक मृत्यूची बातमी आणि एक सत्काराची स्मरणिका. स्वतंत्र लेखाला त्या माणसाबद्दल इतरांनी, त्याच्याशी संबंध नसलेल्यांनी, सविस्तर लिहिलेलं असावं लागतं. ते नसलं तर लेख टिकत नाही. त्या निर्णयाचा त्यांच्या योग्यतेशी संबंध नाही, कागदाशी आहे. हे मित्राला समोर बसवून सांगा, फोनवर नको.

आणि मग त्याला परत बोलवा, कारण करण्यासारखं बरंच आहे. 'कोल्हापूरची संगीत परंपरा' असा एक मोठा लेख तुमच्या यादीत नाही, तो असायला हवा. त्यात संगीतशिक्षणाचा एक विभाग करा. तिथं स्वतंत्र लेख होऊ न शकणारे कितीतरी शिक्षक, साथीदार, वाद्यं दुरुस्त करणारे कारागीर एकेका वाक्यानं, एकेका संदर्भानं येऊ शकतात. एका वाक्यासाठी मृत्यूची बातमीही पुरते. त्याच लेखात ख्यालाच्या पलीकडचं कोल्हापूरही येऊ द्या. तुमच्या तीस विषयांपैकी चोवीस ख्यालगायकांचे आहेत. शाहीर पिराजीराव सरनाईक कुठे आहेत? हलगी-घुमकं-कैताळ या वाद्यांवर एक ओळही नाही, आणि खासबागेत कुस्ती लागली की आपल्या कानात पहिल्यांदा वाजतं ते तेच. धनगरी ढोल आणि ओव्या ऐकायला पट्टणकोडोलीच्या यात्रेला तुम्ही गेलाच असाल. यांच्यावर छापलेलं कमी आहे, म्हणून काम सावकाश होईल. पण लोकसाहित्याच्या पुस्तकांत, विद्यापीठाच्या प्रबंधांत सापडतं. तुमच्या मित्राला वाचायला हा विभाग द्या. ज्याला आपल्या माणसाची नोंद न झाल्याचं दुःख माहीत आहे, तो ही पानं मन लावून शोधेल.

जे छापलेलंच नाही, ते छापून यावं यासाठीही हात लावता येतो. गुरुजींच्या जुन्या शिष्यांच्या आठवणी एखाद्या संगीताच्या मासिकाकडे, दिवाळी अंकाकडे, वर्तमानपत्राच्या पुरवणीकडे पाठवा. संपादकानं पारखून छापलं तर ते उद्याच्या लेखकाला आधार म्हणून उभं राहील. मात्र आपणच लिहायचं आणि आपणच त्याचा संदर्भ लेखात घालायचा, असं करू नका. चर्चा पानावर सुचवा, दुसऱ्या कोणी तपासून घालू दे.

सुरुवात कुठून करायची तर येत्या रविवारी, एका लेखापासून. केशवराव भोसले नाट्यगृहाचा घ्या. आधार भरपूर, फोटो तुमच्याच मोबाईलमध्ये, आणि सहाही जणांना त्याबद्दल काही ना काही वाटतं. प्रत्येकानं एकेक संदर्भ वाचून यायचं, धूळपाटीवर एकत्र मांडायचं, आणि सगळ्यात शेवटी ज्यानं एकही ओळ लिहिलेली नाही त्यानं तपासायचं. चढवलात की माझ्या चर्चा पानावर कळवा, मी वाचेन.

त्याआधी मित्राकडून एक काम करून घ्या. गुरुजींच्या सत्काराची ती स्मरणिका त्याच्या घरी आहे असं तुम्ही लिहिलंय. आज ती फक्त त्याच्या कपाटात आहे, म्हणून दुसऱ्या कोणाला पडताळता येत नाही. तिच्या दोन-तीन प्रती मिळवा. एक करवीर नगर वाचन मंदिराला द्या, एक विद्यापीठाच्या ग्रंथालयाला, त्यांनी घेतली तर. दाखल झाली की तिचा दाखलक्रमांक लिहून ठेवा. मोठ्या लेखातल्या त्या एका वाक्याखाली स्मरणिकेचं नाव, सन आणि पृष्ठ द्यायचं. ते वाक्य मित्रालाच लिहू द्या.